सिंदीच्या शेतातला बिनचाकी मालडबा

वर्ध्याला जायचं ठरलं ते ब्लॉगच्या एका वाचकाने पाठवलेल्या फोटोमुळे. सिंदी (रेल्वे) जवळच्या एका शेतात, तुरीच्या बांधाला, मालगाडीचा बंद डबा. चाकं गेलेली, खाली विटांचे खांब. पण दाराची चौकट बघूनच ओळखलं, हा पुलगाव-आर्वी नॅरोगेजचा कापसाचा डबा!

नव्या वाचकांसाठी: मी मालडब्यांच्या प्रतिकृती बनवतो, मूळ डब्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. इंजिनांवर सगळेच जीव टाकतात, मला ओढ डब्यांची. आर्वीकडून कापसाच्या गाठी घेऊन हे डबे पुलगावला यायचे, तिथं गाठी मोठ्या लाइनच्या गाडीत चढवल्या जायच्या. छोटी गाडी बंद पडली, डबे भंगारात गेले. मापं घ्यायला एकही डबा मला आजवर सापडला नव्हता.

छंदातला माझा जुना मित्र सुहास. त्याला फोटो दाखवला तर म्हणाला, "पत्र्याची खोली असेल रे. एवढ्या लांब कशाला?" आणि दोन दिवसांनी स्वतःच, "मी पण येतो." जरा विचित्र वाटलं, पण सोबत असलेली बरी.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली की सकाळी वर्धा. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खा, पण तर्रीचा झणझणीत रस्सा वेगळा मागून घ्या, नाहीतर घाम फुटतो. घरी न्यायला गोरसपाक, इथली तुपातली बिस्किटं. लॉज आम्ही पिपरी मेघेला घेतला होता, स्वच्छ आणि स्वस्त. सुहास वर्ध्यात पहिल्यांदाच येत होता म्हणे. पण रिक्षावाला चुकला तेव्हा "डावीकडे घ्या" हे त्यानेच सांगितलं. लॉजवर पोचताच त्याच्या पोटात कळ आली. दोन प्लेट पोहे हाणले होते, तेव्हा काही नव्हतं.

मी एकटाच पॅसेंजरने सिंदीला गेलो. तिथून केळझरच्या रस्त्याला शेअर रिक्षा मिळतात, पण शेतापर्यंत जायचं तर वेगळी रिक्षा करा आणि परतीचंही आधीच बोलून ठेवा.

शेतात कापूस वेचणी चालू होती. डब्याकडे निघालो तशी एक बाई आडवी आली. पन्नाशीची, कमरेला वेचणीची ओटी. शोभाताई, शेताची मालकीण.

"कोन हो तुमी? काऊन फोटो काढून राह्यले?"

मी छंद सांगितला, मापं घ्यायची आहेत म्हणालो.

"तोबी हेच म्हने."

"कोण?"

"मांगच्या हिवाळ्यात आलता एक. तुमच्यासारखाच, टेप घेऊन. मले काकू म्हने. जेवू घातलं त्याले. मी घराकडं गेली न् त्यानं दारावरची लोखंडी पाटी खोलून नेली." तिने दाराकडे बोट केलं. चार रिकामी भोकं, आणि मधला रंग बाकीच्यापेक्षा गडद. "आमच्या मामाजीनं, म्हंजे सासऱ्यायनं, लिलावात घेतला हा डबा. दसऱ्याले त्या पाटीले हार घालत. आता भोकाले घालू का हार?"

मी तसा नाही, असं परत परत सांगितलं. शेवटी माझी बॅग आणि आधारकार्ड तिने ठेवून घेतलं, तेव्हा कुठे आत सोडलं. मी लांबी घेतली, ती बघत होती. बिजागरी मोजली, तिथेही तिची नजर. एका लोखंडी कडीला हात लावला तशी म्हणाली, "ते राहू द्या." आत सरकीचा तेलकट वास, सागवानी फळ्या अजून ठणठणीत. आणि मागच्या भिंतीत वर, छताला लागून, लाकडी जाळी.

ती जाळी मी आधी पाहिली होती. सुहासच्या मॉडेलवर. मालडब्याला अशी जाळी नसते म्हणून मी त्याच्याशी वादही घातला होता. "जुन्या फोटोत आहे," म्हणाला होता, फोटो मात्र कधी दाखवला नाही.

"ही जाळी रेल्वेचीच का हो?"

"नाई जी. मामाजीनं बसवली, इथं आनल्यावर. सरकीले हवा लागावी म्हनून."

म्हणजे रेल्वेच्या कुठल्याच जुन्या फोटोत ती असणं शक्य नव्हतं. बॅग आणि आधारकार्ड परत घेऊन निघालो. पॅसेंजरमध्ये मोबाइलवर टिपलेलं एकही माप मी वहीत उतरवलं नाही.

लॉजवर सुहास केळं खात बसला होता. मी म्हणालो, "तू इथं येऊन गेलायस. पाटी तुझ्याकडे आहे."

त्याने कसं कळलं ते विचारलं नाही. "गंजून गेली असती रे तिथं. त्यांना काय तिचं?"

"हार घालतात त्या तिला."

तो केळ्याची साल दुमडत बसला. उद्या दोघं जाऊ, पाटी पाठवतो म्हणून सांगू, असं मी म्हणालो. "बघू," म्हणाला. सकाळी त्याची खाट रिकामी होती. परतीचा प्रवास एकट्याने केला.

पुण्यात येऊन काही दिवस झाले आणि शोभाताईंचा फोन आला. नंबर मीच ठेवून आलो होतो. पार्सल आलंय, वर पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत पाटी.

"तुमीच धाडली ना?"

"नाही ताई. माझ्या एका मित्राकडे होती."

मग म्हणाली, "मित्राले माहीत होतं तं तुमालेबी माहीत असन. बॅग ठिवून घेतली तेच बरं केलं मी." फोन ठेवला. परत लावला, उचलला नाही.

सुहासशी बोलणं नाही. पाटी त्यानेच पाठवली असणार, पण लाज वाटून की मी लिहीन या भीतीने, कोण जाणे. मापं मिळाली, डबा बनतोय. जाळी घेतलेली नाही, मला रेल्वेचा डबा हवा होता.

फोटोवरून पत्ता विचारणारे मेसेज येताहेत. वर्ध्याला जरूर जा, पोहे खा, केळझरचा गणपती बघा. शेत कुठलं ते मी सांगणार नाही. तुम्ही चांगलेच असाल. सुहासही चांगलाच होता.