अक्काची स्वप्नं आणि अधाशी चांदणी

आमच्या घरात स्वप्न पडलं की चूळ भरायच्या आधी कुणाला तरी सांगून टाकायचं असतं. वाईट असलं तर उतरतं, चांगलं असलं तर टिकतं म्हणे. खजुरीला दिलेली माझी थोरली बहीण, आमची अक्का, पूर्वी तुळशीला सांगायची. हातात फोन आल्यापासून घरच्या ग्रुपवर टाकते. ‘स्वप्न पडलं’ म्हणून सुरुवात, ‘दत्त दत्त’ म्हणून शेवट. आम्ही चहाबरोबर वाचतो आणि विसरतो.

यंदा तिच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. गुलबर्ग्याला, सोमवारी. शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

“तम्मा,” धाकट्या भावाला ती कन्नडातच हाक मारते, “आई स्वप्नात येऊन मला एक बोलली होती बघ. लई धीर आला होता. काय बोलली ते आठवंना. ते हुडकून दे. त्याच्याबिगर मी टेबलावर झोपायची न्हाई.”

मी राजेश्वर गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि पन्नाशीत पायथॉन ही संगणकाची भाषा शिकलोय, हे मी कुणी न विचारता सांगत असतो. फोनमध्ये ‘आई’ शोधलं तर घरातल्या प्रत्येकाची आई निघाली. बसून वाचलं असतं तर संध्याकाळपर्यंत झालं असतं, पण मग पायथॉन कशाला शिकलो? ग्रुपवरचं सगळं बोलणं एका फाइलमध्ये उतरवलं आणि शोधायचा एक साचा लिहिला: ‘स्वप्न पडलं’, मग टिंब, मग चांदणी (*), मग ‘दत्त दत्त’. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, चांदणी म्हणजे कितीही वेळा. ओळ संपली तरी थांबू नको, असंही बजावलं.

निघालं एकच स्वप्न, कित्येक वर्षांचं. चांदणी अधाशी असते. पहिल्या ‘स्वप्न पडलं’ला तिनं जे तोंड लावलं, ते शेवटच्या ‘दत्त दत्त’लाच सोडलं. मधले वाढदिवस, आळंदची बस, मेव्हण्याचा सर्दीवरचा काढा, सगळं पोटात. आणि मी ते न बघताच अक्काला पाठवलं.

“तम्मा, माझ्या स्वप्नात तुझी मूळव्याध कामून आली?”

चांदणीनंतर एक प्रश्नचिन्ह टाकलं. मग ती भागेल तेवढ्यावरच थांबते. स्वप्नं सुटी झाली. आई असलेली वेगळी काढली आणि फोनवर एकेक वाचू लागलो.

संगमावर आई पाण्यावरच भाकरी थापायली, भाकरी फुगून वाहत निघाली. आई सुपात चांदणं घेऊन पाखडायली, खडे निवडून बाजूला ठेवायली. भर दुपारी पंख्याखाली वाचता वाचता माझाच आवाज मला लांबून येऊ लागला. कुठल्याशा अंगणात मीही त्या सुपाजवळ बसलो होतो, असं वाटलं. पलीकडं अक्का नुसती हुंकार देत होती.

‘स्वप्न पडलं. आई माझ्या डोक्याला तेल लावायली होती. केस लांबत लांबत ज्वारीत गेले. ती तेल लावत त्यांच्या मागं गेली. ज्वारी हलायची तेवढी दिसली. दत्त दत्त.’

“हेच!” अक्का म्हणाली. “पुढं वाच.”

“संपलं.”

“संपलं कसं? बोलली की ती.”

मी मूळ फाइल उघडली. त्या स्वप्नाच्या खालीच माझा निरोप होता. ‘एवढं तेल लावलं म्हणजे भिऊ नको म्हणत असंल. मी हाय इथंच.’ त्या सकाळी मला तेलावरून चेष्टा करायची होती, बाकी काही नाही. ती ओळ आईच्या तोंडी घालून वाचावी, असं क्षणभर वाटलं. कुणाला कळणार होतं?

“अक्का, आई काही बोलली न्हाई. ज्यानं तुला धीर आला ते खाली मी लिहिलं होतं.”



“तू व्हय?”

“व्हय.”

“मग आता तोंडानं म्हण.”

“फोनवर?”

“लिवायला येतं, म्हणायला येत न्हाई व्हय रे मास्तर?”

मी म्हणालो. अर्धं खोकल्यात गेलं.

“पुन्हा म्हण,” अक्का म्हणाली. “तोंडात नीट बसव. सोमवारी ऑपरेशनच्या दारात उभारून म्हणायचंय तुला.”