तिसरी रिंग

माझ्या थोरल्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता. असलाच तर तो घराबाहेर पडत नसणार. मामांची पिठाची गिरणी होती. पट्टा तुटेल, वीज जाईल, कुणाच्या दळणात खडा निघेल, अशा धास्त्या त्यांना बारमाही असायच्या. पण एकुलती एक लेक सुमन लग्न होऊन गारगोटीला गेली, मामांनी मोबाइल घेतला, आणि सगळ्या धास्त्या एकवटून त्या डबड्यात जाऊन बसल्या.

तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडत. म्हणून बापलेकीनं ठरवून टाकलं होतं. दोन रिंगा देऊन ठेवला तर सगळं बरं आहे. तिसरी वाजली तर असाल तसे निघून या. फोन वाजला की मामा धावत जाऊन गिरणी बंद करायचे, दळणाला आलेल्या बायकांना "गप बसा गं!" म्हणून दटावायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. दुसऱ्या रिंगेनंतर शांतता झाली की पीठभरल्या हातानं कपाळ पुसायचे. त्यामुळे त्यांचं कपाळ कायम पांढरं असे.

मग सरकारी नियम बदलला. येणारा फोन फुकट! मी पेपर घेऊन गिरणीत गेलो, तर मामा माझ्यावरच खेकसले, "फुकट? त्यो टावर काय चुलीगत शेण्या घालून चालतोय व्हय रं? कुणाच्या तरी बोकांडी बसवलं असणार!"

आणि मामांचंच खरं निघालं. सुमनच्या सासरी होता तसल्या घरच्या फोनवरून मोबाइलला लावणं महागलं. म्हणजे आता मामांनी उचलला की बिल सुमनच्या सासऱ्याला.

"सासरा पोरीला बोलंल की! मी न्हाय उचलणार," मामांनी जाहीर केलं. रिंगा पूर्वीसारख्याच चालू राहिल्या.

सुमनला सातवा महिना होता. एके दुपारी फोन वाजला. दोन रिंगा झाल्या. तिसरी वाजली. मग चौथी, आणि तो वाजतच राहिला.

"मामा, उचला की!" मी ओरडलो.

"आणि कुणी कायतरी वंगाळ सांगितलं म्हंजे?" फोन छातीशी धरून ते मटकन पोत्यावर बसले. मी उलट लावतो म्हटलं, तर फोन हातचा सोडेनात. शेवटी लोकांची दळणं तशीच टाकून आम्ही एसटी धरली. वाटभर मामा माझं मनगट घट्ट धरून बसले. एरवी त्यांना हसणारा मी, पण खरं सांगतो, गारगोटीला उतरल्यावर मामांच्याही पुढं मीच पळत सुटलो.

दारात सुमन तांदूळ निवडत बसली होती.

"आबा? अवो, काय झालं?"

"तू... बरी हाईस न्हवं?"

"मला काय धाड भरलीया! आता तुमास्नी फुकट झालंय न्हवं? म्हटलं उचलशीला. जरा बोलावं वाटलं."

मामा उंबऱ्यातच बसले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

त्यानंतर सुमन वात्रट झाली. बापाला बघावंसं वाटलं की खुशाल तिसरी रिंग द्यायची. मामांना ते चांगलं कळत होतं. तरी दर वेळी तसेच घाबरून, पिठाच्याच कपड्यांनी ते गारगोटी गाठायचे.

पुढे दर पडत गेले. आता बापलेक रोज बोलतात, तेही गिरणी चालू ठेवून. मामांची भीतीही बरीच उतरली आहे. परवा सुमन भेटली, तेव्हा मी तिला म्हटलं, बरं झालं गं बाई, सुटलो एकदाचे.

"व्हय रं दादा," ती म्हणाली. "पर आबा हिकडं आल्याला लई दिस झालं. तिसरी रिंग वाजायच्या आतच उचलत्यात आता."