चाळिसावी सही

वाटूरच्या प्रशिक्षणाला आलेल्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही, कारण तिने ते यादीत लिहूच दिलं नाही.

आमची संस्था बायकांना त्यांचे हक्क शिकवते. पुढच्या वर्षी अनुदान हवं असेल तर दर प्रशिक्षणाला चाळीस सह्या लागतात. जेवल्यावर बायका थांबत नाहीत, म्हणून सह्या आम्ही सुरुवातीलाच घेतो. त्या दिवशी मोजून चाळीस आल्या होत्या. एकोणचाळीस जणींनी सही केली. चाळिसावीने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि बोट ठेवून कागदावरची वरची ओळ वाचली : ‘मला माझे हक्क समजले.’

“ताई, अजून तर तुम्ही काहीच सांगितलं न्हाई.”

“मावशी, सगळ्याच करतात.”

“करू द्या की. मी ऐकते, मंग बघते.”

न समजता कशावरही सही करू नका, हे मी त्या दोन तासांत तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तिने मान डोलावली. जेवणानंतर मी कागद पुन्हा पुढे केला.

“निम्मं समजलं,” ती म्हणाली. “निम्मी सही चालती का?”

“नाही.”

“मंग राहू द्या.” तिने चष्मा पिशवीत ठेवला आणि एसटी गाठली.

“तुम्हीच करून टाका एक सही,” माझी सहकारी म्हणाली. आजवर अशा मी बऱ्याच केल्या आहेत.

या वेळी एकोणचाळीसच पाठवल्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : चाळिसावीला समजलं आहे.

अनुदानाचं पत्र अजून आलेलं नाही.