वरच्या मजल्यावरचं पाणी

नेलिदा कात्तानेओला गोड बोलणाऱ्या माणसांचं वावडं होतं. रोसारिओ शहरात, नदीपासून थोडं आत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात ती शिवणकाम करायची. लग्नाचे पोशाख सैल करून द्यायचे, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियन-विधीसाठी मुलींचे पांढरे झगे शिवायचे. नवरा वारल्यावर तिने हे घर भाड्याने घेतलं. घरमालक सेन्योर प्रुत्सो तेव्हा इतक्या अदबीने वागला, की करारावर सही करतानाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्याच हिवाळ्यात झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली. प्रुत्सो लगेच आला. बरोबर गोड पावांचा पुडा. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "दोन्या नेलिदा, नदीकाठचं गाव आहे हे. इथे कोणाच्या भिंती कोरड्या असतात? खिडक्या उघड्या ठेवत जा जरा."

मग एक रंगारी आला आणि डागावर पांढरा हात मारून गेला. डाग परत आला, रंगारी परत आला. नळवाला मात्र कधीच आला नाही. दुरुस्ती करायची नाही, मग हा माणूस सारखा येतो कशाला, हे नेलिदाला कळेना. आपण कंटाळून स्वतःहून निघावं आणि करार मोडल्याचा दंड भरावा, एवढ्यासाठीच हे चाललंय अशी तिची खात्री होत चालली.

"पाणी वरून येतंय," ती एकदा स्पष्टच म्हणाली.

प्रुत्सोने आवाज खाली घेतला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं? वरची दोन्या ओफेलिया माणसांना घरात घेत नाही. नळवाला दारातून परत जातो. म्हातारी जरा विचित्रच आहे."

ओफेलिया निवृत्त शिक्षिका, प्रुत्सोचीच भाडेकरू, एकटीच राहायची. त्या दिवसापासून नेलिदा तिच्या पावलांवर कान ठेवून असायची. वर नळ सुटला की हिला वाटे, मुद्दाम सोडला. मग ही झाडूच्या दांड्याने छत बडवायची. जिन्यात दोघी समोरासमोर आल्या की ओफेलिया तोंड फिरवून जायची, आणि नेलिदाचा संशय आणखी पक्का व्हायचा.

पुढे एका कम्युनियनच्या झग्यावर बुरशीचे काळे ठिपके उठले. मुलीची आई झगा घडी करून घेऊन गेली आणि पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. त्याच आठवड्यात नेलिदा भाडेकरूंच्या संघटनेत गेली. तिथल्या वकीलबाई, ग्रासिएला ओर्तूबे, ऐकता ऐकता ‘माते’चा कडू चहा नळीने ओढत होत्या.

"घर राहण्यासारखं ठेवणं मालकाचं काम आहे," त्या म्हणाल्या. "तो करत नसेल तर तुम्ही करार संपवू शकता, दंड न भरता. पण मनातल्या शंका कोर्टात चालत नाहीत. आधी त्याला रीतसर नोटीस देऊ."

"तुमची आणि प्रुत्सोची ओळख आहे का?" नेलिदाने विचारलं.

"नाही. का?"

"सहज."

नोटीस गेली. उत्तर आलं, की भाडेकरूच कामगारांना आत येऊ देत नाही. नेलिदाने ते उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसली. ओफेलियाबद्दल ऐकवलेली गोष्ट आता जशीच्या तशी तिच्या नावावर आली होती.

घराची अवस्था अधिकृतपणे नोंदवायला वकीलबाईंनी नोटरीला आणलं. बेर्मूदेस नावाचा धिप्पाड, घामाघूम माणूस. त्याने छत पाहिलं, फुगलेला गिलावा पाहिला, फोटो काढले. "ओल कुठून येते तेही बघायला हवं. वर जाऊ या."

"ती दार उघडायची नाही," नेलिदा म्हणाली.

दार पहिल्याच थापेला उघडलं. न्हाणीघरात फरशी उखडलेली होती, फुटक्या नळाखाली परात लावलेली, आणि पाणी परातीबाहेरही झिरपत होतं. ओफेलिया नेलिदाकडे न बघता नोटरीला म्हणाली, "कधीचं असंच आहे. सेन्योर प्रुत्सो म्हणतात, खालच्या बाईंना ठोकाठोकी सहन होत नाही. काम सुरू केलं तर त्या पोलीस बोलावतील म्हणे."

"मी?" नेलिदा म्हणाली.

"छत तुम्हीच बडवता ना? मला खरं वाटलं."

नेलिदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नोटरी खाली मान घालून लिहीत राहिला.

करार संपल्याचं वकीलबाईंनी प्रुत्सोला कळवलं. नेलिदाने घर रिकामं केलं, पण किल्ल्या घ्यायच्या दिवशी तो आलाच नाही. तब्येत बरी नाही म्हणून निरोप पाठवला.

"किल्ल्या घेतल्या नाहीत की भाडं चालू राहतं, असा त्याचा हिशोब आहे," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी किल्ल्या नोटरीच्या कचेरीत जमा केल्या आणि प्रुत्सोला तसं लेखी कळवलं. पावती मिळूनही नेलिदाने बेर्मूदेसला दोनदा विचारलं, की किल्ल्यांच्या कपाटाला कुलूप नीट लागतं ना.

दंड मागायला प्रुत्सो कोर्टात गेलाच. ओफेलिया साक्षीला आली. तिचं तोंड उघडेपर्यंत नेलिदाला वाटत होतं, ही फिरणार. एवढी वर्षं त्याच्या घरात राहते, ती कशाला आपल्या बाजूने बोलेल? पण ओफेलियाने वर्गात शिकवावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. करार नेलिदाने कायद्याने संपवला, दंड लागू नाही, असा निकाल झाला.

बाहेर पायऱ्यांवर दोघी बसची वाट पाहत उभ्या राहिल्या.

"दांडा आपटायला नको होता मी," नेलिदा म्हणाली.

"मलाही खाली येऊन विचारता आलं असतं. आता मीही नोटीस देतेय त्याला. घर शोधायचंय." ओफेलियाने पर्स काखेत दाबली. "तुमच्या नव्या घराच्या वर कोण राहतं?"

"कोणी नाही. गच्ची आहे. चढून बघितली, मगच सही केली."

ओफेलिया हसली. नेलिदा रस्त्याकडे बघत होती. बस उशिरा येतेय, याचंही तिला काहीतरी कारण असावंसं वाटत होतं.