सासरे माझ्याशी सहमत झाले तेव्हा

बारा वर्षांत सासऱ्यांनी माझ्या एकाही वाक्याला मान डोलावली नव्हती. यंदा ते सासूबाईंसोबत आमच्याकडे हॅम्बर्गला आले आणि चौथ्या आठवड्यात अचानक मी म्हणेन त्याला हो म्हणू लागले. मी म्हटलं, इथला पाऊस बरा. "बरा." मी म्हटलं, आमटीत गूळ नको. "नको." म्हातारा सुधारला, असं मनाशी म्हणत मी चार दिवस मजेत काढले. त्याची आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर, हवेत ठेवला. डावा पायही ओढत होते. मी त्या दोघांना घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरबाईंनी कागदावर कवटी काढली. "रक्त नेमकं कुठे साचलंय, ते महत्त्वाचं. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये असेल, तर काही तासच हातात असतात. मेंदूच्या आत असेल, तर उपचार वेगळे. पण आवरणाखाली शीर हळूहळू झिरपत असेल, तर जरा वेळ मिळतो. डोक्याला मार लागला होता?"

मी मराठीत विचारलं. सासरे म्हणाले, "छे." मी इमानदारीत जर्मनमध्ये "नाइन", म्हणजे नाही, सांगितलं.

स्कॅन आला. कवटीलगत काळपट चंद्रकोर दिसत होती. "ताजं रक्त पांढरं दिसतं," बाई म्हणाल्या. "हे जुनं आहे, आवरणाखालचं. तीनेक आठवड्यांपूर्वी मार लागलेला असणार."

सासूबाईंना रडू फुटलं. "अहो, तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर आपटले हो! आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मला म्हणाले, लेकीच्या घरी कुरकुर करायची नाही. जावईबापूंनी हौसेनं स्वतः बसवलंय."

इथे भाड्याचं घर बहुधा स्वयंपाकघराशिवायच मिळतं. ओटा, कपाटं आपली आपण आणायची. मी ती एका रविवारी, माझ्या बुटक्या उंचीच्या मापानं ठोकली होती. हेही मलाच जर्मनमध्ये सांगावं लागलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत बाईंनी माझं कपाट फाइलमध्ये लिहून घेतलं.

कवटीला भोक पाडून रक्त काढेपर्यंत मी बाहेर बसून होतो. हा माणूस गेला तर तो माझ्या हातून गेला, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "त्यांना काहीतरी विचारा. भान कितपत आहे ते बघू."

"बाबा, मी कोण?"

पट्टीखालून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "जावई," ते म्हणाले. "सुतार नव्हे."

मी तिथेच हमसून रडलो. बाईंनी भाषांतर मागितलं. मी नाक पुसत सांगितलं, "पूर्ण भानावर आहेत."