दुर्गाबाईनं खोडायला लावलेलं उत्तर

पौषातली धुई अजून तुरीवरून उठली नव्हती. अंगणापुढची बाभूळ कमरेपासून वर दिसतच नव्हती. तीर्थपुरीच्या शिवेला लागून असलेल्या वस्तीवर दुर्गाबाई चुलीपुढं बसून, दोन्ही हात कोमट पाण्याच्या घमेल्यात बुडवून, बोटं जागी व्हायची वाट बघत होती. हिवाळ्यात तिची बोटं तिच्यानंतर उठायची. आधी बाई उठायची, मग खांदे, मग मनगटं. बोटांना मात्र उन्हं अंगणात आल्याबिगर जाग येत नसे. तोवर घर ती तोंडानं हाकायची. आताही तिनं लेकाला हाक दिली.

"सोमेश्वर, म्हशीला पेंड टाक. वरच्या पोत्यातली. खालचं भिजलंय."

एके काळी ही बाई कापूस वेचायला उतरली की बाकीच्या बाया तिच्या शेजारची ओळ धरत नसत. उगं आपली शोभा कशाला करून घ्या. मग एका थंडीत पेरं सुजली. कुणीतरी सांगितलं तिथं सुई घेतली, मेडिकलातून गोळ्या आणून खाल्ल्या. दुखणं दबायचं आणि पोटात आग पडायची. शेवटी जालन्याच्या डॉक्टरनं संधिवात म्हणून नाव सांगितलं, बराबर औषध लावलं. दुखणं आटोक्यात आलं, पण तोवर करंगळीच्या बाजूला कललेली बोटं काही सरळ झाली नाहीत.

दुर्गाबाईनं त्याचा बोभाटा होऊ दिला नाही. डब्याचं झाकण कोपरानं, पिशवीची गाठ दातानं, तांब्या दोन्ही तळव्यांत. चारचौघांत बसायचं तर हात पदराखाली. कुणी विचारलंच तर, "मस्त चाललंय."

त्या सकाळी तिची नजर मोरीकडं होती. सून अक्षता धुणं पिळत होती. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. पिळत कसली, ओली चादर नळावर टाकून ती दोन्ही मनगटांनी दाबत होती. दुर्गाबाईनं लगेच ओळखलं. ही युक्ती तिनं स्वतःच कधीकाळी याच मोरीत काढली होती.

"अक्षता, बोटं दुखून राह्यलेत का?"

"न्हाई आत्याबाई. पाणी लई गार हाय."

"आज शाळेत सांधेदुखीची तपासणी हाय. चल माझ्यासंगं."

"तुम्हाला घेऊन येते की. मला काय झालंय?"

दुर्गाबाईला सगळं कळत होतं. आजारी पोरगी गळ्यात मारली, असं म्हणणारी तोंडं वस्तीवर थोडी नव्हती. पण पोरीनं आत्ता लपवलं तर तिचीही बोटं सासूच्याच वाटेनं जाणार. आणि हे रागं भरून होण्यातलं काम नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात डॉक्टर रुचि बसल्या होत्या. जालन्यातल्या जुन्या मारवाडी व्यापारी घरची लेक. एकेका बाईला समोर बसवून त्या विचारत होत्या, हे सहज जमतं, जड जातं, की जमतच नाही? उत्तर ऐकून कागदावर खूण करत, गुण मांडत होत्या.

दुर्गाबाईच्या पुढं शेजारीण उषाबाई होती. तिला सतरंजीवर टेकवायला दोघीजणी लागल्या.

"मावशी, खाली बसून उठता येतं?"

"येतं की."

"लुगडं नेसता येतं?"

"मंग काय तशीच आले का?"

बाया खळखळून हसल्या. उषाबाईचं लुगडं रोज तिची लेक नेसवते हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. पण घरात काम झालं म्हणजे झालं. ते कुणाच्या हातानं झालं, हे बाहेर सांगायची इथं रीत नव्हती. डॉक्टरांनी सहज जमतं म्हणून खूण केली.

मग दुर्गाबाई बसली.

"नळ सोडता, बंद करता येतो?"

"येतो की."

"स्वतःची वेणी घालता येते?"

"येती." तोंडातून आपसूकच गेलं. खूण झाली. तिनं सहज मागं बघितलं. अक्षता खांबाला टेकून उभी होती. दोन्ही हात पदराखाली.

"थांबा बाई," दुर्गाबाई म्हणाली. "खोडा ते."

"काय खोडू?"

"दोन्हीबी. मी खोटं बोलून राह्यले." तिनं हात बाहेर काढले आणि डॉक्टरांच्या बैठ्या टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. "नळ मी कोपरानं सोडते. वेणी माझी ही सून घालती. पोलक्याची बटनं तीच लावती. भाकर थापून तर किती वर्षं झाले, आता आठवतबी न्हाई. लिव्हा."

"दुर्गे, लोकात काय सांगायलीस," उषाबाई पुटपुटली.

"लोक काय माझी वेणी घालाया येतेत का? अन् तुझं लुगडं—"

"मला मधी ओढू नको."

डॉक्टरांनी आधीच्या खुणा खोडल्या. नीट विचारून नव्यानं गुण मांडले.

"किती पडले मला?"

"बरेच पडले, मावशी. इथं जास्त पडले म्हणजे त्रास जास्त."

"असू द्या. शाळेत तर कधी पडलेच न्हाईत." हशा ओसरू देऊन तिनं विचारलं, "एका घरात ऱ्हाऊन, एका तांब्यानं पाणी पिऊन हे लागतं का?"

"बिलकुल नाही."

"जरा मोठ्यानं सांगा. मागं ऐकू जाऊ द्या."

डॉक्टर उठून उभ्या राहिल्या. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणाल्या. यात कुणाचा दोष नाही. मिश्री-तंबाखू सोडा, त्यानं याला जोर येतो. आणि लवकर कळून औषध सुरू झालं तर बोटं बहुतेकदा वाकण्यापासून वाचतात.

खांबापासून अक्षता पुढं आली.

"मला दिवाळीपसून सकाळी मूठ वळत न्हाई," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "चादर पिळत न्हाई. भाकर थापताना डोळ्याला पाणी येतं."

डॉक्टरांनी तिची पेरं एकेक करून दाबली. ती दोनदा कळवळली. "रक्त तपासू. पण वेळेत आलीस. आणि लेकराचा विचार असेल तर आधी मला सांगायचं, औषध त्या हिशोबानं द्यावं लागतं."

"नवी नवरी, अन् आत्तापसूनच?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

दुर्गाबाई अशी वळली की कुजबुजणारीनं मान खाली घातली. "व्हय, आत्तापसूनच. मला जे इतक्या वर्षांत जमलं न्हाई ते हिनं वरसाच्या आत केलं. सून हाय माझी."

दोघी उठल्या तेव्हा मागून उषाबाईचा आवाज आला. "म्याडम, माझं ते लुगड्याचं परत इचारा."

गावातून जाताना दुर्गाबाईनं हात पदराखाली घेतले नाहीत. पारावर बसलेल्यांनी बघितलं, तर बघू दिलं. मान मात्र अशी ताठ, जणू सून कुठं बक्षीस घेऊन आली होती.

दारातच सोमेश्वरनं विचारलं, "काय म्हणले?"

"उद्या हिला जालन्याला ने, रक्त तपासायला. अन् आजपसून चादरी तू पिळायच्या."

"मी?"

"तुझ्या हाताला काय झालंय?"

अक्षता तोंडाला पदर लावून हसली. सोमेश्वर बाहेरच्या, पिळायच्या राहिलेल्या चादरींच्या बादलीकडं बघत उभा राहिला. दुर्गाबाईनं तूर निवडायचं सूप मांडीवर ओढलं आणि तळहाताच्या कडेनं खडे एका बाजूला सारायला लागली.