पळसाच्या पाण्यातला झेंडा

आमच्या एकोडीच्या तलावाच्या पाळीखाली धानाचं एक जुनं गोडाऊन आहे. त्यातच देवकाबाईचं झेंडाघर. म्युझियम म्हणाचं त म्हणा बापा, पण पाटी नाही, तिकीट नाही, शिपाई नाही. मी रत्नमाला, तिची शेजारीण. मी झाडू मारतो, जाळे काढतो, तेही फुकटात. अन् फुकटात करतो म्हणून तोंडही माझंच चालते.

देवकाबाईले हा नाद लागला तो सासऱ्याच्या चरख्याच्या झेंड्यापासून. बेचाळीस साली लपवलेला झेंडा धान साठवाच्या ढोलीत, पार तळाशी सापडला. तिनं तो भिंतीवर टांगला, अन् मग लोक आपापलं आणून देऊ लागले. वरठीच्या एका गार्डची हिरवी झेंडी आली, बंद पडलेल्या आखाड्याचं निशाण आलं. कोणी काही आणलं की देवकाबाई त्याले दोन्ही हातांनी घे, लेकरू घ्यावं तसं.

"झेंड्याले वारा पाहिजे," ती म्हणे. "नाही त निस्ता फडका."

म्हणून दुपारी ती दोन्ही दारं सताड उघडते. तलावावरून वारा येतो, पाण्याचा उजेड टिनाखाली हालत राहते अन् सगळे झेंडे हळूहळू जागे होतात. देवकाबाई खाली चटईवर पडून, अर्धे डोळे मिटून सांगते, "पाह्य रत्ना, गार्डची झेंडी गाडी सोडून राहिली."

"मावशी, धान कापाले आलं अन् तू गाड्या सोडून राहिली!" मी चिडतो. पण खोटं कायले बोलू? तिथं बसलं की मलेही लांबून शिट्टी ऐकू येते.

झेंडाघराचा एक कायदा आहे. झेंडा ज्यानं दिला त्याचाच राहते. त्या झेंड्याच्या दिवशी यावं, हातात घ्यावा, मनात आलं त घरी न्यावा. वरठीच्या पार्वताबाई दर दसऱ्याले येतात. छप्पन सालच्या दीक्षेले त्यांच्या मायनं घरीच शिवलेला पंचशील झेंडा इथं आहे. निळा, पिवळा, लाल, पांढरा असे जुन्या लुगड्यांचे तुकडे भेटले, केशरी कुठंच भेटला नाही. मग होळीसाठी वाळवून ठेवलेले पळसाचे फुलं उकळून मायनं पांढरी पट्टी रंगवली. तो झेंडा घेऊन सगळं घर नागपूरले गेलं. मायचं तेवढंच एक राहिलं आहे. फोटोही नाही.

आता यंदाचं ऐका. दसऱ्याच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं कापड पाण्यातून काढतात. गोधड्या, चादरी, पडदे, काही सुटत नाही. देवकाबाईचा हात चाळीस वर्षं तेच करत आला. पार्वताबाई येणार, त्यांचा झेंडा धुळकट दिसते, म्हणून तिनं तोही बादलीत बुडवला. मी गेली तेव्हा बादलीतलं पाणी केशरी झालं होतं अन् पट्टी वाळल्या पेंढीसारखी फिक्कट.

"अगं मायवं! हे काय केलं?"

ती बादलीकडे पाहत बसली. मी बादली उचलाले गेली त माझा हात धरला. "फेकू नोको. त्यांच्या मायचा रंग आहे तो."

दसऱ्याच्या सकाळी मी म्हणलं, "पार्वताबाईच्या डोळ्यावर जाळं आलं आहे. त्यांले काय दिसते? गावातल्या कुलदीपच्या दुकानातून रंग आणतो, फासून टाकू."

"दिसत नाही म्हणून त्यांचा झेंडा दुसऱ्याचा होते का?" देवकाबाई म्हणाली. मी रंगाची गोष्ट सोडली.  पण मले भेव वाटलं. आता पार्वताबाई झेंडा घेऊन जातील अन् म्हणतील, तुमच्या भरवशावर ठेवला होता न?

पार्वताबाईचा लेक सुगत त्यांले मोटारसायकलवर घेऊन आला. "जयभीम," म्हणत त्या चाचपत चटईवर बसल्या. देवकाबाईनं झेंडा हातात दिला. त्यांनी तो पाहिला नाहीच, सरळ नाकाशी नेला. एकदा हुंगला, दुसऱ्यांदा हुंगला.

"वास गेला," त्या म्हणाल्या. "चुलीच्या धुराचा होता. मी तेवढ्यासाठीच येत होती."

देवकाबाई रडतच खाली बसली. "मीनं धुतला, बाई. रंगही गेला. मले माफ करू नोका, पन झेंडा घेऊन जा. माह्या हाती नोका ठेवू."

 सुगतनं मायकडे पाहिलं. पार्वताबाई बराच वेळ झेंडा कुरवाळत राहिल्या.

"पानी फेकलं का?"

"नाही."

"आन."

मी बादली आणली. पार्वताबाईनं त्यात बोटं बुडवली अन् हसल्या. "सात वर्षाची होती मी. माय म्हने, एक टोक तू धर, नाही त पट्टी जमिनीले लागते." त्यांनी झेंड्याची केशरी बाजू तेवढी पाण्यात सोडली. आम्ही तिघी बादलीभोवती बसलो. वरच्या झेंड्यांची सावली बादलीत हालत होती. किती वेळ गेला, कोणाले माहीत! मले वाटलं, चौथीही कोणी बसली आहे.

पट्टीवर रंग आला, पण थोडासाच, अन् तोही डागाडागानं. पार्वताबाईनं एक टोक धरलं, दुसरं देवकाबाईसमोर केलं. दोघींनी पिळलं. म्हाताऱ्या हातांले पीळ बरोबर आठवत होता.

सुगतनं पिशवी उघडून धरली. "घरी न्यायचा का, माय?"

"वाळू दे इथंच. वारा चांगला आहे." पार्वताबाईनं ओला हात देवकाबाईच्या गालावर ठेवला, गाल केशरी झाला. "पुढं धुवाचा झाला त मले बोलाव, बाई. दुसरं टोक कोन धरीन?"